मागे नाचणाऱ्या भावाला काय मिळतं?

एप्रिलमधली सकाळ. आमच्या विद्यापीठाच्या पार्किंगमागे गवताचा एक पट्टा आहे आणि त्यापलीकडे ओकची झाडी. मी बसची वाट बघत उभी होते आणि गवतात दोन नर टर्की पिसारा फुलवून उभे होते. शेपूट पंख्यासारखी उभी, पंख जमिनीला घासत, मान मागे ओढलेली. दोघं एकाच वेळी वळत होते, एकाच वेळी दोन पावलं टाकत होते. समोर एक मादी होती. तिचं लक्ष पूर्णपणे खाण्यात. या दोघांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

मॅसेच्युसेट्समध्ये हे दृश्य काही दुर्मीळ नाही. रस्त्यात टर्की आडव्या आल्या म्हणून बस थांबते, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, टर्की त्याला भीक घालत नाहीत. पण त्या दोघांकडे बघताना मला नेहमी एकच गोष्ट आठवते. त्या मादीनं उद्या मन बदललं, तर तिच्याशी मीलन त्या दोघांपैकी एकाचंच होणार. कोणाचं, हे त्या दोघांनाही आधीपासून माहीत आहे. मग दुसरा एवढा जीव तोडून का नाचतोय?

माझी पीएचडी सहकार्याच्या उत्क्रांतीवर आहे. म्हणजे मी दिवसभर संगणकावर समीकरणं चालवते आणि त्यात खरा प्राणी एकही नसतो. पण या विषयातलं जे एक उदाहरण मला सगळ्यात जास्त आवडतं (आणि ज्यानं मला एकदा सपशेल तोंडघशी पाडलं) ते हेच. आज तेच सांगते.

आधी पक्ष्याची ओळख करून घेऊ. थँक्सगिव्हिंगला भाजून टेबलावर येतो तो पांढरा, बोजड पक्षी डोळ्यांसमोरून काढून टाका. तो माणसानं छातीच्या मांसासाठी इतका जाड करून ठेवलाय की त्याला नैसर्गिक मीलनही जमत नाही, कृत्रिम रेतन करावं लागतं. रानटर्की, म्हणजे मेलिआग्रिस गॅलोपाव्हो, हा सडसडीत, उंच पायांचा, काळपट तपकिरी पक्षी आहे. उन्हात त्याची पिसं तांब्यासारखी आणि हिरवट चमकतात. नर साधारण 7 ते 11 किलोचा, मादी त्याच्या निम्मी. मोर, तितर, रानकोंबडा यांच्याच कुळातला. आणि हो, तो उडतो. लांबवर नाही, पण थोड्या अंतरात ताशी 80 किलोमीटरच्या आसपास वेग घेतो. रात्री तर उंच झाडावरच चढून बसतो. आपल्याकडच्या मोरासारखाच रातथारा.

हा पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेचा. पाळीव टर्की मेक्सिकोतल्या रानटर्कीपासून झाली. पण नावांचा गोंधळ बघा. इंग्रजीत तो तुर्कस्तानचा, तुर्की भाषेत ‘हिंदी’, फ्रेंचमध्ये हिंदुस्थानचा आणि डच लोकांनी तर थेट आपल्या कालिकतवरून त्याचं नाव ठेवलं. पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात, आणि आपल्याकडे पेरू म्हणजे तिखटमीठ लावून खायचं फळ! भारतात तो आला तो पोर्तुगीजांच्या वाटेनंच. जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रब खान यानं गोव्याहून आणलेल्या नवलाईच्या वस्तूंमध्ये एक टर्की होता. उस्ताद मन्सूरनं 1612च्या सुमारास काढलेलं त्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

जहांगीरनं आत्मचरित्रात या पक्ष्याचं वर्णन केलंय आणि ते वर्णन कोणत्याही जीवशास्त्रज्ञाला शोभेल असं आहे. त्याच्या नेमकं लक्षात आलं की माजावर आल्यावर याचं डोकं आणि मान लाल होते, मग पांढरी होते, सरड्यासारखी रंग बदलत राहते. आणि डोक्यावरचा मांसल भाग कधी हत्तीच्या सोंडेसारखा लोंबतो, तर कधी आखडून गेंड्याच्या शिंगासारखा उभा राहतो.

ही ‘सोंड’ म्हणजे स्नूड. रंग बदलतो तो रंगद्रव्यामुळे नाही. डोक्याच्या उघड्या कातडीत कोलॅजेनच्या तंतूंच्या जुड्या असतात. कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगल्या-आकसल्या की जुड्यांमधलं अंतर बदलतं आणि प्रकाश वेगळ्या प्रकारे विखुरतो. पक्षी चिडला, घाबरला, प्रेमात आला की डोकं लाल, निळं, पांढरं. 2014 मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी हीच कल्पना वापरून हवेतली रसायनं ओळखणारे रंग बदलणारे सेन्सर बनवले.

स्नूड नुसती शोभेची नाही. रिचर्ड बुखोल्झ यांनी नव्वदच्या दशकात प्रयोग करून दाखवलं की माद्या लांब स्नूडचे नर निवडतात, आणि लांब स्नूडच्या नरांच्या आतड्यात कॉक्सिडिया हे परजीवी कमी असतात. दाण्याच्या भांड्यापाशी दोन नर आले तर आखूड स्नूडवाला मागे सरतो. म्हणजे स्नूड हे तब्येतीचं प्रमाणपत्र आहे, आणि ते माद्याही वाचतात, नरही वाचतात.

हे प्रमाणपत्र इतकं महत्त्वाचं का? कारण टर्कीचा नर संसाराला दुसरं काहीही देत नाही. घरटं बांधत नाही, अंडी उबवत नाही, पिल्लांना एक किडा भरवत नाही. मीलन झालं की संपलं. मादीला त्याच्याकडून फक्त जनुकं मिळतात, त्यामुळे ती निवड करते ती दिसण्यावरून आणि नाचावरून. सगळ्या माद्यांनी मोजक्याच नरांना पसंत केलं तरी त्यांचं काही अडत नाही. अडतं ते बाकीच्या नरांचं. बहुतेकांच्या वाट्याला काहीच येत नाही.

आता आपल्या दोघा नाचणाऱ्यांकडे वळू.

1971 मध्ये वॉट्स आणि स्टोक्स या दोघांनी टेक्सासमधल्या टर्कींच्या समाजव्यवस्थेवर एक लेख लिहिला. त्यांना असं दिसलं की एकाच घरट्यातली नर पिल्लं आईपासून वेगळी झाल्यावरही एकत्रच राहतात, आणि पुढे आयुष्यभर. पहिल्याच हिवाळ्यात या भावाभावांत जुंपते. पंखांचे फटके, पायांच्या नख्या, एकमेकांची मान चोचीत धरून ओढाओढ. थकेपर्यंत. जो टिकला तो वरचढ, आणि हा निकाल सहसा कायमचा. वसंतात तेच भाऊ खांद्याला खांदा लावून नाचतात, परक्या नरांना मिळून हाकलतात, आणि मीलन करतो तो फक्त वरचढ.

आपल्याकडच्या सातभाईंचं असंच काही असतं ना, असं तुम्ही म्हणाल. सातभाईंचा थवाही मिळून राहतो, मिळून कलकलाट करतो. पण तिथले मदतनीस पिल्लांना भरवतात. इथे पिल्लं वाढवण्यात नराचा हातच नाही. दुय्यम टर्की मदत करतो ती भावाच्या प्रेमप्रकरणात, आणि तीही निव्वळ फुकट. तसं वाटतं तरी.

इथे मी तोंडघशी कशी पडले ते सांगते. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी क्वालिफायिंग परीक्षा असते. चार प्राध्यापक समोर बसतात आणि तुम्ही फळ्यापाशी. मला टर्कीचं उदाहरण विचारलं. मी ऐटीत म्हणाले, “सोपं आहे. ते भाऊ आहेत. भावाची पिल्लं म्हणजे काही अंशी आपलीच जनुकं.” समितीतल्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, “भाऊ तर सगळ्याच प्राण्यांना असतात. मग सगळे असं का करत नाहीत?” मी खडू हातात घेऊन उभी. बराच वेळ.

माझं उत्तर चूक नव्हतं, अर्धवट होतं. आणि हा अर्धवटपणा फार जणांचा होतो, म्हणून जरा थांबून बघू.

जे. बी. एस. हाल्डेन यांचा एक किस्सा आमच्या क्षेत्रात प्रत्येकाला सांगितला जातो. भावासाठी जीव द्याल का, असं विचारल्यावर ते म्हणाले म्हणे, एकासाठी नाही, पण दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलतभावांसाठी देईन. (हाल्डेन शेवटी भारतीय नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.) त्याच वर्षी विल्यम हॅमिल्टन यांनी हा विनोद नीट गणितात बसवला. नियम एका ओळीचा आहे. नात्याची जवळीक गुणिले भावाचा फायदा, हे आपल्या तोट्यापेक्षा जास्त असेल तरच मदत करण्याची वृत्ती टिकते. सख्ख्या भावांत जवळीक 0.5, सावत्र भावांत 0.25.

यात आकडे तीन आहेत, एक नाही. नातं हा फक्त हुंडणावळीचा दर आहे. भावाच्या खात्यातला एक रुपया माझ्या खात्यात किती पैसे धरायचा, एवढंच तो सांगतो. मुळात भावाच्या खात्यात किती जमा होणार आणि माझ्या खात्यातून किती जाणार, हे नातं सांगत नाही. ते पक्ष्याच्या जगण्यावरून ठरतं.

हे तिन्ही आकडे रानात जाऊन मोजले अ‍ॅलन क्राकौर यांनी. तेव्हा ते बर्कलीत पीएचडी करत होते. (हे वाचून मला आशाही वाटते आणि थोडा मत्सरही.) कॅलिफोर्नियातल्या हेस्टिंग्ज अभयारण्यात त्यांनी वर्षानुवर्षं टर्की पकडल्या, खुणा केल्या, कोण कोणाबरोबर नाचतो ते टिपलं आणि डीएनए जुळवून कोणत्या पिल्लाचा बाप कोण हे शोधलं. 2005 मध्ये ‘नेचर’मध्ये निकाल आला.

एकत्र नाचणारे नर खरंच नातलग होते. सरासरी जवळीक 0.42. पूर्ण 0.5 नाही, कारण एका घरट्यातल्या अंड्यांचे बाप कधी कधी वेगळे असतात, आणि क्वचित दुसरी मादीही गुपचूप अंडं घालून जाते. दुय्यम नरांना स्वतःचं पिल्लू एकही नाही. चोरून मीलन करून ते आपला वाटा काढत असतील ही शंका तिथेच मिटली. एकट्यानं नाचणाऱ्या नराला सरासरी 0.9 पिल्लं. आणि भावांच्या जोडीतल्या वरचढ नराला 7.

आता गणित करू. भावाला साथ दिली तर दुय्यम नराचा तोटा किती? एकटा नाचला असता तर 0.9 पिल्लं झाली असती, तेवढा. वरचढाचा फायदा? 7 वजा 0.9, म्हणजे 6.1. त्याला 0.42 नं गुणा. साधारण 2.6. त्यातून 0.9 गेले, उरले 1.7. उत्तर धन आहे. मागे नाचणारा भाऊ त्याग करत नाहीये. तो फायद्यात आहे, फक्त त्याचा हिशेब भावाच्या वहीत लिहिला जातोय.

परीक्षेतलं खरं उत्तर मात्र पुढे आहे. तोच 0.9 चा तोटा घ्या आणि उलटं मोजा. भावाला निदान 2.1 जास्तीची पिल्लं मिळाली तरच सौदा परवडतो. मदतीमुळे भावाला एखादंच पिल्लू जास्त होत असेल, तर तो कितीही सख्खा असो, वेगळं नाचलेलंच बरं. बहुतेक प्राण्यांत नेमकं हेच घडतं. साथीदारामुळे एवढी मोठी उडी मिळतच नाही. टर्कीत ती मिळते, कारण नराकडून पिल्लांना काही लागत नाही, एका नराला कितीही माद्या निवडू शकतात, आणि दोघांचा देखावा व दोघांची राखण एकट्या नराला हरवते. बाईंना हे सांगायला हवं होतं. सुचलं ते घरी जाताना बसमध्ये. पास झाले, पण “हे परत वाचून या” अशा शेऱ्यासकट.

पण एक गोष्ट या समीकरणात येतच नाही, आणि अलीकडे मला तीच जास्त महत्त्वाची वाटायला लागलीय. भाऊ असायला हवा. म्हणजे एकाच वितीतली निदान दोन नर पिल्लं हिवाळ्यापर्यंत जगायला हवीत. हे फार अवघड आहे.

टर्कीची मादी घरटं करते जमिनीवर. झुडपाच्या बुडाशी किंवा दाट गवतात एक उथळ खळगा, बस. रोज साधारण एक याप्रमाणे दहा-बारा अंडी, मग 28 दिवस उबवणं. रॅकून, स्कंक, ऑपोसम, साप, कावळे सगळे टपलेले. बहुतेक घरटी फसतात. अंडी फुटली की पिल्लं दुसऱ्याच दिवशी आईमागे चालू लागतात, पण पहिले दोनेक आठवडे त्यांना झाडावर उडून बसता येत नाही. रात्री जमिनीवर आईच्या पंखाखाली. पाऊस आणि गारठा एकत्र आला तरी ती दगावतात. सगळ्यात जास्त पिल्लं मरतात ती याच काळात.

यातून टर्कीला कुठे राहायला लागतं ते समजतं. पुस्तकात ‘अधिवास : जंगल’ असं लिहिलेलं असतं, ते अपुरं आहे. हिवाळ्यात तिला ओकची मोठी झाडं लागतात, कारण पालापाचोळा उकरून ओकची फळं खाऊनच ती तगते. रात्रीसाठी उंच झाडं. घरट्यासाठी कमरेएवढी झुडपं आणि गवत. आणि पिल्लांसाठी मोकळं कुरण, कारण पहिले काही आठवडे पिल्लं मुख्यतः किडे खातात, आणि किडे मिळतात ते ऊन पडणाऱ्या गवतात. गवत असं हवं की पिल्लू त्यात लपेल पण आईची मान वर राहून तिला कोल्हा दिसेल. हे सगळं चालत जाण्याच्या अंतरात. गोधडीसारखं, वेगवेगळे तुकडे शेजारी शेजारी जोडलेले. दक्षिणेतल्या पाइनच्या जंगलात मुद्दाम ठरावीक वर्षांनी खालचं गवत जाळतात ते यासाठीही. आग थांबवली की झुडपं माजतात आणि पिल्लांची जागा जाते.

गोधडी फाटली की काय होतं ते इथे मॅसेच्युसेट्समध्येच दिसलं. शेतीसाठी जंगल साफ झालं, शिकारीला बंधन नव्हतं, आणि 1851 मध्ये माउंट टॉमवर इथली शेवटची रानटर्की मारली गेली. पुढे शेतकरी पश्चिमेकडे गेले, पडीक शेतांवर जंगल परत आलं. पण टर्की आल्या नाहीत.

मग अनेक राज्यांनी शेडमध्ये वाढवलेल्या टर्की रानात सोडून पाहिल्या. कित्येक वर्षं, हजारोंनी. प्रयोग जवळजवळ सगळीकडे फसला. त्यांच्यात पाळीव रक्त मिसळलेलं होतं. स्टार्कर लिओपोल्ड यांनी 1944 मध्येच दाखवलं होतं की अशा पक्ष्यांचा मेंदू आणि ग्रंथीसुद्धा रानटी पक्ष्यांपेक्षा वेगळ्या असतात. शिवाय ससाण्याची सावली दिसल्यावर कुठे दडायचं हे शिकवायला त्यांना आई मिळालेली नव्हती. उपाय सापडला तो अस्सल रानटर्की पकडूनच दुसरीकडे सोडण्याचा. दाण्याच्या लालचीनं आलेल्या थव्यावर बारुदीनं उडणारी मोठी जाळी फेकायची. 1951 मध्ये साउथ कॅरोलायनात ही युक्ती टर्कीवर चालली आणि पारडं फिरलं. मॅसेच्युसेट्सनं 1972-73 मध्ये न्यूयॉर्कमधून 37 पक्षी आणून बर्कशायरच्या टेकड्यांत सोडले. आज राज्यात 30,000 च्या वर आहेत. आमच्या पार्किंगमागचे दोघे बहुधा त्या 37 जणांचे पणतू-खापरपणतू.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. अमेरिकेतल्या रानटर्कींची संख्या 2000 नंतरच्या काही वर्षांत 70 लाखांच्या आसपास पोचली होती. मग ती उतरू लागली, विशेषतः दक्षिणेत आणि मध्य भागात. दर मादीमागे शरद ऋतूपर्यंत जगणारी पिल्लं कमी होत चालली आहेत. गवताळ तुकडे कमी झाले, घरटी लुटणारे प्राणी वाढले, अशी कारणं पुढे येतात. आणखी एक शंका थेट आपल्या विषयाला भिडते. वसंतातली शिकार नरांची असते. हंगाम लवकर सुरू झाला तर माद्यांचं मीलन व्हायच्या आधीच वरचढ नर टिपले जातात. म्हणून दक्षिणेतल्या काही राज्यांनी हंगाम पुढे ढकललाय. (शिकारी हे इथे नुसते खलनायक नाहीत. 1937 च्या कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला, आणि टर्की परत आणायचा मोठा खर्च त्या पैशातून निघाला.)

मी मात्र माझ्या समीकरणाकडे बघत बसते. पुढचा तर्क माझा आहे, कोणाचा सिद्ध झालेला निष्कर्ष नाही. बारा अंड्यांतून शरद ऋतूपर्यंत दोनच पिल्लं उरली, तर दोन्ही नर असण्याची शक्यता चारात एक. एकच उरलं, तर भाऊ नाहीच. म्हणजे पिल्लं घटत गेली की नुसती संख्या कमी होत नाही, एकट्यानं नाचणाऱ्या नरांचं प्रमाण वाढतं. पण सगळेच एकटे असतील तर जोडीशी हरणारं कोणी उरत नाही, मग तो 0.9 हा आकडाही 0.9 राहणार नाही. सध्या माझ्या संगणकावर हेच चालू आहे.

तुम्ही अमेरिकेत असाल, तर मार्चअखेर ते मे या काळात पहाटे एखाद्या ओकच्या झाडीशेजारच्या मोकळ्या गवताकडे नजर ठेवा. पिसारा फुलवलेले नर दिसले तर आधी मोजा. एक की दोन, की तीन. दोन असतील तर डोक्याकडे बघा. मादी जवळ आली की सहसा एकाचाच पिसारा पूर्ण फुललेला राहतो, स्नूड चोचीखाली लोंबलेली. दुसरा जरासा मागे, पंख अर्धे मिटून, मादीकडे नाही तर भोवतालच्या झाडीकडे बघत उभा असेल. तिथून तिसरा कोणी येतोय का, ते तो बघतोय.